विलंबाची नक्कल

एखाद्या तालुक्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, एवढ्या माहितीवर कोणताही जाणता शेतकरी पेरणीचा दिवस ठरवीत नाही. तो पाऊस चार महिन्यांत बेताबेताने पडला तर पीक हाती येते. तोच पाऊस दोन आठवड्यांत कोसळला आणि मध्ये चाळीस दिवसांचा खंड पडला, तर सरासरी गाठूनही शेत करपून जाते. शेतकऱ्याला सरासरीपेक्षा तिच्याभोवतीच्या चढउताराची चिंता अधिक असते. हे शहाणपण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. संगणकांची जाळी उभारणाऱ्या शास्त्रज्ञांना मात्र ते प्रत्येक टप्प्यावर नव्याने, आणि बरेचदा ठेच लागल्यावरच, शिकावे लागले. त्या शिकण्याचा इतिहास थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न असा आहे. सॉफ्टवेअर तयार करणारा माणूस ते आपल्या टेबलावर लिहितो आणि तेथेच तपासून पाहतो. विचारणारा प्रोग्रॅम आणि उत्तर देणारा प्रोग्रॅम बहुधा एकाच यंत्रात असतात. निरोप जाऊन उत्तर यायला एक मिलिसेकंदही, म्हणजे सेकंदाचा हजारावा भागही, लागत नाही. प्रत्यक्ष वापरात तोच निरोप समुद्र ओलांडतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. मुंबई ते लंडन हे अंतर सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर. म्हणजे आदर्श परिस्थितीतही एका बाजूने ३६ मिलिसेकंद आणि जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात तारा वळणे घेत जातात, वाटेतील प्रत्येक नाक्यावर निरोपाला रांगेत थांबावे लागते, आणि ती रांग क्षणोक्षणी कमी-अधिक होते. प्रवासाचा वेळ ठरलेला, रांगेतला वेळ अनिश्चित. या अनिश्चित भागाला तंत्रज्ञ ‘जिटर’ म्हणतात. आपण त्याला विलंबाचा चढउतार म्हणू. टेबलावर तपासलेले सॉफ्टवेअर बाहेर टिकेल की नाही, हे कळण्यासाठी हा विलंब आणि हा चढउतार टेबलावरच कृत्रिम रीतीने निर्माण करावा लागतो. या नक्कलेला संगणकापेक्षा बराच जुना वारसा आहे.

१८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तार टाकली गेली. तिच्यावरून व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेत पोहोचवायला सुमारे सोळा तास लागले, आणि काही आठवड्यांतच ती तार निकामी झाली. समुद्रातल्या लांब तारेत संकेत मंदावतो आणि पसरतो, याचे गणित विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले शास्त्रज्ञ, यांनी १८५४ मध्येच मांडले होते. तारेची लांबी दुप्पट झाली तर संकेताचे मंदावणे चौपट होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. १८७० मध्ये मुंबई एडनमार्गे समुद्री तारेने युरोपशी जोडली गेली, तेव्हा हे गणित आपल्या किनाऱ्यापर्यंतही येऊन पोहोचले.

पुढची अडचण खर्चाची होती. एवढी महागडी तार एका वेळी एकाच दिशेने वापरणे परवडत नव्हते. दोन्ही दिशांनी एकाच वेळी संदेश पाठवायचे, तर पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेताने त्याचेच ग्राहकयंत्र हलता कामा नये. त्यासाठी किनाऱ्यावरील कचेरीत खऱ्या तारेची हुबेहूब नक्कल ठेवण्याची युक्ती निघाली. १८७० च्या दशकात अलेक्झांडर म्यूरहेड यांनी कथलाच्या वर्खाच्या पट्ट्या आणि मेण लावलेला कागद यांचे थर रचून अशी ‘कृत्रिम तार’ तयार केली. पाठवलेला विद्युत्प्रवाह खऱ्या आणि खोट्या अशा दोन्ही तारांत विभागला जाई; दोन्हीकडे तो सारखाच मंदावला तर मधले यंत्र स्थिर राही, आणि केवळ पलीकडून येणारा संकेतच त्याला हलवू शके. हजारो किलोमीटरचा विलंब एका खोलीत उभा करण्याचा हा आरंभीचा एक पूर्ण यशस्वी प्रयोग म्हणता येईल. त्यातील एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: नक्कल जरा चुकली की यंत्र लगेच थरथरू लागे. खरी तार खोट्या तारेची प्रत्येक क्षणी परीक्षा घेत होती. या मुद्द्याकडे आपण शेवटी परत येऊ.

तारायंत्रातला विलंब हा तारेचा गुणधर्म होता. टेलिफोन आल्यावर माणसांच्या गर्दीतून निर्माण होणारा विलंब पुढे आला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती आग्नर क्रारुप एर्लांग यांनी १९०९ साली असे दाखवले, की एक्सचेंजमध्ये येणाऱ्या कॉलांची संख्या प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने सांगितलेल्या संभाव्यतेच्या नियमाला धरून असते. १९१७ मध्ये त्यांनी ग्राहकाला किती काळ थांबावे लागेल याची सूत्रे दिली. या गणिताचा पाया एका गृहीतावर उभा होता. हजारो लोक परस्परांचा विचार न करता, आपापल्या मर्जीने फोन उचलतात. त्यामुळे एकाची गडबड दुसऱ्याच्या शांततेत जिरून जाते आणि एकूण रहदारी बरीचशी गुळगुळीत दिसते. माणसांच्या संभाषणापुरते हे गृहीत खरे ठरले आणि त्याच्या आधारावर जगभरची टेलिफोन व्यवस्था उभी राहिली.

संगणकांच्या जाळ्याचा विचार सुरू झाला तेव्हा हाताशी होते ते हेच गणित. लेनर्ड क्लाइनरॉक यांनी एमआयटीतील आपल्या प्रबंधात निरोप साठवून पुढे धाडणाऱ्या जाळ्यातील विलंबाचा अभ्यास केला. तो १९६४ मध्ये ग्रंथरूपाने आला. एक निरोप अनेक नाक्यांवरून जातो तेव्हा त्याचे गणित कमालीचे गुंतागुंतीचे होते. क्लाइनरॉक यांनी ते सोपे करण्यासाठी असे मानले, की प्रत्येक नाक्यावर निरोपाची लांबी जणू नव्याने, आधीशी संबंध न ठेवता ठरते. वास्तवात असे होत नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी संगणकावर जाळ्याची नक्कल चालवून पाहिली आणि आपल्या गृहीताने उत्तरात फार फरक पडत नाही याची खात्री करून घेतली. जाळे अस्तित्वात येण्याआधी त्याची नक्कल तपासली गेली, ही या इतिहासातली एक सुंदर घटना आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजलिसहून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे आर्पानेटवरचा पहिला निरोप गेला.

रांगेच्या या गणितातून निघणारा एक साधा निष्कर्ष येथे सांगायला हवा. नाक्याची निम्मी क्षमता वापरात असेल, तर निरोपाला तेथून बाहेर पडायला रिकाम्या नाक्याच्या दुप्पट वेळ लागतो. ८० टक्के वापरात पाचपट, ९० टक्के वापरात दहापट. आणि सरासरी वाढते तितक्याच प्रमाणात तिच्याभोवतीचा विस्कळीतपणाही वाढतो. म्हणजे गर्दीच्या वेळी विलंब मोठा होतो आणि त्याचबरोबर बेभरवशाचाही होतो. सूत्रात हे लिहिलेले होते. व्यवहारात त्याच्याकडे कुणी पुरेसे लक्ष दिले नाही. त्याची किंमत १९८६ मध्ये मोजावी लागली.

इंटरनेटवरचा निरोप ‘पॅकेट’ नावाच्या लहान तुकड्यांत विभागून जातो. पॅकेट पोहोचल्याची पोच ठराविक वेळात आली नाही, तर ते हरवले असे समजून पाठवणारा संगणक ते पुन्हा पाठवतो. किती वेळ वाट पाहायची? १९८१ च्या नियमावलीने सुचवले होते, की जाण्यायेण्याच्या वेळेची चालती सरासरी घ्यावी आणि तिच्या फार तर दुप्पट थांबावे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून एकदम ४० बिटांवर घसरला. दोन ठिकाणांमधले अंतर होते अवघे ४०० यार्ड. तारा तुटल्या नव्हत्या, यंत्रे बिघडली नव्हती. झाले होते ते असे, की गर्दीमुळे पोच यायला नेहमीपेक्षा उशीर होऊ लागला. पाठवणाऱ्या यंत्रांनी पॅकेटे हरवली असे मानून तीच पुन्हा धाडली. त्याने गर्दी आणखी वाढली आणि पोच आणखी लांबली. उशीर झालेल्याला हरवलेला समजण्याची ही चूक सारे जाळे गुदमरवून गेली.

व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरल्स यांच्या सहकार्याने केलेले या घटनेचे विश्लेषण १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्दीत पाठवण्याचा वेग कसा आवरावा, याचे त्यात सुचवलेले उपाय प्रसिद्धच आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील आणखी एक भाग मोलाचा आहे. सरासरीच्या दुप्पट थांबण्याचा नियम फार तर ३० टक्के भारापर्यंतच टिकतो, हे जेकबसन यांनी दाखवून दिले. त्यांचा उपाय साधा होता: सरासरीबरोबर तिच्यापासूनचे विचलनही सतत मोजत राहा, आणि वाट पाहण्याचा काळ दोन्हींवरून ठरवा. आज रूढ असलेला नियम सरासरीत विचलनाची चौपट मिळवतो. विलंब स्थिर असेल तर यंत्र लवकर निर्णय घेते. तो हेलकावत असेल तर धीर धरते. चढउतार हा मोजमापातला दोष नसून स्वतंत्र माहिती आहे, हे या उपायाने मान्य केले.

तरीही एक भ्रम शिल्लक होता. चढउतार असेल, पण तो एर्लांगच्या काळापासून ओळखीच्या असलेल्या सौम्य प्रकारचाच असेल, असे सर्वांनी धरले होते. न्यू जर्सीतील बेलकोर प्रयोगशाळेत १९८९ ते १९९२ या काळात स्थानिक जाळ्यावरून गेलेल्या पॅकेटांच्या अतिशय सूक्ष्म वेळा टिपल्या गेल्या. विल लेलंड, मुराद तक्कू, वॉल्टर विलिंगर आणि डॅनियल विल्सन यांनी १९९३ मध्ये त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले, आणि तो भ्रम दूर झाला. जुन्या गणितानुसार, सेकंदाऐवजी मिनिटांची, मिनिटाऐवजी तासांची बेरीज केली तर रहदारीचा आलेख सपाट होत जायला हवा. येथे तो होत नव्हता. शतांश सेकंदात दिसणाऱ्या उसळ्या मिनिटांच्या आलेखातही तशाच दिसत होत्या. व्हर्न पॅक्सन आणि सॅली फ्लॉइड यांनी १९९५ मध्ये दूरवरच्या जाळ्यांवरही प्वासाँचा नियम अपुरा पडतो असे दाखवले.

या गुणधर्माचे मोजमाप ज्या मापाने करतात, त्याला हेरॉल्ड हर्स्ट यांचे नाव आहे, आणि हर्स्ट संगणकतज्ज्ञ नव्हते. ते इजिप्तमध्ये नाईल नदीच्या पुरांचा अभ्यास करणारे जलतज्ज्ञ होते. पुरामागून पुराची वर्षे आणि अवर्षणामागून अवर्षणाची वर्षे येतात, नदीला जणू स्मरण असते, असे त्यांनी शतकांच्या नोंदींवरून १९५१ मध्ये मांडले होते. पावसाच्या ज्या उदाहरणाने हा लेख सुरू केला, ते केवळ अलंकार म्हणून घेतलेले नव्हते, हे वाचकांच्या आता लक्षात येईल. नदी आणि जाळे, दोघांनाही एकच गणित लागू पडले.

या ज्ञानाचा उपयोग सॉफ्टवेअरच्या चाचणीत कसा झाला? १९९७ मध्ये पिसा विद्यापीठाचे लुइजी रिझ्झो यांनी ‘डमीनेट’ हे साधन मांडले. संगणकातून बाहेर जाणारे पॅकेट ते अडवून धरी, सांगितलेला वेळ थांबवी आणि मग सोडी. हवे तर काही पॅकेटे गाळून टाकी. एका टेबलावर जणू महासागर आला. परंतु थांबवण्याचा वेळ ठराविक होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत तयार झालेल्या ‘निस्ट नेट’ने आणि स्टीफन हेमिंगर यांनी २००५ मध्ये लिनक्ससाठी मांडलेल्या ‘नेटेम’ने पुढचे पाऊल टाकले. शंभर मिलिसेकंद विलंब, त्यात दहाचा चढउतार, आणि प्रत्येक पॅकेटाचा विलंब आधीच्या विलंबाशी काही अंशी जुळता, अशी आज्ञा त्याला देता येते. एवढेच नव्हे, तर खऱ्या जाळ्यावर घेतलेल्या नोंदींचे कोष्टक पुरवले, तर त्याच प्रमाणात तो विलंब वाटून देतो.

या साधनांच्या वापरातूनच नक्कलेच्या मर्यादाही उघड झाल्या. प्रत्येक पॅकेटाला स्वतंत्रपणे चिठ्ठी उचलून विलंब दिला, तर मागचे पॅकेट पुढच्याला ओलांडून आधी पोहोचते. खऱ्या रांगेत असे सहसा घडत नाही. बँकेच्या रांगेत मागचा माणूस पुढच्याच्या आधी खिडकीपाशी पोहोचत नाही. म्हणजे चढउतार दाखवण्याच्या नादात नक्कल भलताच दोष निर्माण करते, आणि परीक्षक त्या खोट्या दोषावर उपाय शोधत बसतो. दुसरी मर्यादा याहून खोल आहे. खऱ्या जाळ्यात विलंब बाहेरून लादला जात नाही, वापरणाराच तो निर्माण करतो. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी दाखवून दिले, की घरगुती राउटरमध्ये प्रमाणाबाहेर मोठ्या साठवणजागा असतात; एक मोठी फाइल पाठवायला घेतली की मागे एवढी रांग लागते, की विलंब सेकंदाच्याही पलीकडे जातो. चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या विलंबात हे कारण-परिणामाचे नाते उतरत नाही. त्यासाठी विलंबाची नव्हे, रांगेची नक्कल करावी लागते: मार्ग अरुंद करायचा, साठवणजागा ठरवायची, शेजारून दुसरी रहदारी सोडायची आणि विलंब आपोआप उद्भवू द्यायचा.

हा सारा काथ्याकूट कुणासाठी, असे वाचक विचारतील. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. निरोप उपग्रहावरून जात असेल, तर पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटर वर जाऊन खाली यायलाच सुमारे पाव सेकंद, आणि उत्तरासह अर्धा सेकंद लागतो. हा विलंब मोठा, पण स्थिर. त्याच्याशी जुळवून घेता येते. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तजवळ भूमध्य समुद्रातील तारा तुटल्या आणि भारतातील रहदारीचा मोठा भाग लांबच्या मार्गांनी वळवावा लागला, तेव्हा मात्र आदल्या दिवसाची सरासरी दुसऱ्या दिवशी निरुपयोगी ठरली. खेड्यातल्या मोबाइलवर तर हे रोजचेच आहे. वीज वाचवण्यासाठी फोनचा रेडिओ निद्रिस्त होतो. पहिल्या निरोपाला त्याला जागे करण्याइतका उशीर होतो, पुढचे झटपट जातात, मग मनोऱ्यावर गर्दी होते आणि सारे पुन्हा थांबते. ऑक्टोबर २०१५ मध्ये फेसबुकने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘टू-जी मंगळवार’ सुरू केला. भारतासारख्या देशांतील वापरकर्त्याला काय सोसावे लागते, हे तासभर मुद्दाम मंदावलेल्या जाळ्यावर त्यांनी अनुभवावे, हा त्याचा हेतू होता. जलद जाळ्यावर बसलेल्याला मंद जाळ्यावरचा माणूस दिसत नाही, हे त्यातून मान्य केले गेले.

आणि ज्याच्याजवळ उत्तम जाळे आहे त्याचीही सुटका नाही. गूगलचे जेफ्री डीन आणि लुइझ बारोसो यांनी २०१३ मध्ये एक बोलके उदाहरण दिले. एखादे यंत्र शंभरांतून एकदाच सेकंदाहून अधिक वेळ घेते असे समजा. एका प्रश्नाचे उत्तर तयार करायला अशा शंभर यंत्रांना विचारावे लागत असेल, तर १०० पैकी ६३ प्रश्नांना सेकंदाहून अधिक उशीर होईल. शंभरात एक म्हणून ज्याकडे काणाडोळा केला, तोच बहुतेकांचा अनुभव होऊन बसतो. सरासरीच्या अहवालात मात्र यंत्रे उत्तम चालली आहेत, असेच दिसेल.

एखाद्या सॉफ्टवेअरच्या चाचणीचा अहवाल ‘शंभर मिलिसेकंद विलंबावर तपासले’ असे सांगतो, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ किती थोडा आहे, हे या इतिहासावरून ध्यानात यावे. तो शंभर कुठल्या गावचा, दिवसाच्या कुठल्या वेळचा, किती हेलकाव्यांचा, गर्दीने झालेला की अंतराने, हे सांगितल्याशिवाय तो आकडा मुका आहे. फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी ज्या मुलीच्या फोनवर ‘पैसे भरले गेले की नाही’ हे कळत नाही आणि जी भीतीने पुन्हा बटण दाबते, ती १९८६ च्या त्या यंत्रांसारखीच वागत असते. उशीर झालेल्याला ती हरवलेला समजते. यात तिची चूक नाही. तिच्या वाट्याच्या विलंबाची नक्कल ज्यांनी आपल्या टेबलावर कधी केलीच नाही, चूक त्यांची आहे.

म्यूरहेड यांच्या कथलाच्या वर्खाला एक भाग्य लाभले होते. खरी तार शेजारीच असल्याने त्याचा खोटेपणा लपून राहू शकत नव्हता. आजच्या नक्कलेला तशी सोय नाही. ती चुकली तरी टेबलावर कुठलेही यंत्र थरथरत नाही. चाचणी यशस्वी झाल्याचा हिरवा दिवा तेवढा लागतो. म्हणून खऱ्या तारेची भूमिका आता परीक्षकालाच पार पाडावी लागते: बाहेर जाऊन, मंदात मंद जाळ्यावरच्या वेळा मोजून आणून, त्या आपल्या नक्कलेशेजारी ठेवून पाहाव्या लागतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे श्रेय कुणाला मिळत नाही. पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदी ठेवणाऱ्याचे कामही तसेच असते. पण पेरणीचा दिवस ठरवताना आधार मिळतो तो त्याच नोंदींचा.